मुरुमांची गोळी आणि डोळ्यांतली खुपणारी वाळू

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मुरुमांवरील औषधांविषयी आहेत. औषध चेहऱ्यासाठी घेतलेले आणि तक्रार मात्र डोळ्यांची, असे बहुतेक पत्रांचे स्वरूप असल्याने ती नेत्रतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे आली, हे योग्यच झाले. या अंकात दुसरा कोणताही विषय न घेता त्यांपैकी काही निवडक पत्रांना उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यातील एका गावात राहते आणि बेळगावला बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला शिकते. चेहऱ्यावर मोठे, दुखणारे मुरूम असल्याने त्वचारोगतज्ज्ञांनी आयसोट्रेटिनॉइनची २० मिलिग्रॅमची कॅप्सूल सुरू केली. तीन महिने झाले. मुरूम पुष्कळ कमी झाले, पण ओठ सतत फुटतात आणि सकाळी उठल्यावर डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. बसमध्ये खिडकीजवळ बसले की डोळ्यांतून घळाघळा पाणी येते. मेडिकलवाल्यांनी थेंब दिले, त्याने लाली जाते, पण दोन तासांनी अधिकच वाढते. सगळे म्हणतात की डोळे कोरडे पडले आहेत. आमच्याकडे पावसात कपडे आठ-आठ दिवस वाळत नाहीत आणि माझ्या डोळ्यांतून तर पाणी येते, मग डोळे कोरडे कसे? गोळी बंद करू का?

उत्तर : तुमची शंका अगदी रास्त आहे, आणि तिचे उत्तर समजले की पुढच्या उपायांचा अर्थही लागेल. डोळ्यांवरचा अश्रूंचा थर म्हणजे नुसते पाणी नव्हे. त्या पाण्यावर तेलाचा अतिशय पातळ थर असतो आणि तोच पाण्याला उडून जाण्यापासून अडवतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत अशा सुमारे २५ ते ४० आणि खालच्या पापणीत २० ते ३० ग्रंथी असतात. मायबोमियन ग्रंथी या जातीने चेहऱ्यावरच्या तैलग्रंथींच्याच बहिणी आहेत. आयसोट्रेटिनॉइन हे औषध मुरूम बरे करते ते मुख्यतः तैलग्रंथी आकसवून, त्यांतून पाझरणारे तेल कमी करून. ते रक्तातून सर्व शरीरभर जात असल्यामुळे गालावरची ग्रंथी कोणती आणि पापणीतली कोणती, असा भेद त्याला करता येत नाही. म्हणून ज्या गुणामुळे तुमचा चेहरा स्वच्छ झाला, त्याच गुणामुळे तुमच्या डोळ्यांवरचे तेल कमी झाले आहे.

तेल कमी झाले की पाणी लवकर उडते, डोळ्यांचा पृष्ठभाग उघडा पडतो, तो चुरचुरू लागतो, आणि त्या चुरचुरण्याला उत्तर म्हणून अश्रुग्रंथी एकदम भरपूर पाणी सोडते. बसच्या खिडकीतून वारा लागताच तुमच्या डोळ्यांतून येणारे पाणी ते हेच. ते पातळ असते, त्यात तेल नसते, त्यामुळे ते गालावरून ओघळून जाते आणि डोळा पुन्हा कोरडाच राहतो. बाहेर पाऊस असला तरी फरक थोडाच पडतो, कारण उणीव हवेतल्या ओलाव्याची नसून पापणीतल्या तेलाची आहे. मात्र डिसेंबर-जानेवारीत कोरडा वारा सुटला की त्रास वाढेल, हे आताच लक्षात ठेवा.

मेडिकलमधून मिळालेले थेंब आजच बंद करा. तुमच्या वर्णनावरून ते लाली घालवणारे थेंब दिसतात. असे थेंब डोळ्यांतील रक्तवाहिन्या काही वेळ आकसवतात आणि त्यांचा परिणाम ओसरला की त्या आधीपेक्षा जास्त फुगतात. कोरडेपणावर त्यांचा काहीही उपयोग नसतो. तुम्हाला हवे आहेत ते कृत्रिम अश्रूंचे थेंब, ज्यांत कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा सोडियम हायलुरोनेट असते. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालावे लागणार असतील, तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब मागून घ्या, कारण ते टिकाऊपणासाठी घातलेले रसायनच वारंवार वापराने डोळ्याला जाचक ठरते. रात्री झोपताना जेल घातल्यास सकाळचे खुपणे कमी होईल.

त्याच्या जोडीला पापण्यांना शेक द्या. स्वच्छ, मऊ रुमाल कोमट पाण्यात बुडवून, पिळून, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटे ठेवा, गार झाला की पुन्हा बुडवा, आणि त्यानंतर बोटाच्या टोकाने पापणी मुळापासून केसांच्या दिशेने हलकेच चोळा. पाणी आधी मनगटावर घेऊन पाहा. तिथे सोसते तेवढेच ऊन असावे. आकसलेल्या ग्रंथी शेकाने वाढत नाहीत, पण शिल्लक असलेल्या ग्रंथींत घट्ट झालेले तेल वाहू लागते. अभ्यासाच्या वेळी, विशेषतः मोबाइल किंवा संगणकावर, आपण पापण्या फार कमी मिटतो. अधूनमधून मुद्दाम पूर्ण मिटा. बसमध्ये साधा चष्मा लावा. घरी चूल असेल तर तिच्या धुरापासून या काही महिन्यांत दूर राहता आले तर बरे. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर औषध चालू असेपर्यंत त्या पेटीत राहू द्या, कारण कोरड्या डोळ्याला लेन्स घासते आणि जंतूसंसर्गाची भीती वाढते.

आता गोळीविषयी. ती स्वतःहून बंद करू नका आणि त्रास लपवून चालूही ठेवू नका. ओठ फुटणे हा या औषधाचा जवळजवळ प्रत्येकाला होणारा परिणाम आहे. साधे पेट्रोलियम जेली दिवसातून अनेक वेळा लावा, ओठ चाटू नका आणि सुटलेली साले ओढू नका. डोळ्यांचा त्रास डोसाशी बांधलेला असतो. हे औषध साधारणपणे दर किलो वजनामागे रोज अर्धा ते एक मिलिग्रॅम असे देतात आणि पूर्ण उपचाराची बेरीज किलोमागे १२० ते १५० मिलिग्रॅमपर्यंत नेतात. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञ रोजचा डोस कमी करून उपचाराचे महिने वाढवू शकतात. मुरूम बरे होण्याचे काम त्यामुळे थांबत नाही. एकदा डोळे तपासूनही घ्या. डोळ्यात फ्लुरोसीन नावाचा रंग घालून अश्रूंचा थर किती वेळात फाटतो ते आम्ही पाहतो. १० सेकंदांच्या आत फाटत असेल तर तो कमकुवत समजतो. बहुतेकांचा कोरडेपणा औषध संपल्यावर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत निवळतो. थोड्या जणांचा रेंगाळतो, आणि म्हणूनच तो सुरुवातीलाच सांगणे महत्त्वाचे आहे. डोळा ठणकू लागला, उजेड सोसेनासा झाला, दिसणे धूसर होऊन पापण्या मिटल्यानेही स्वच्छ होत नसेल किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : माझा मुलगा उद्यमबागमधील एका कारखान्यात दुसऱ्या पाळीत कामाला आहे. रात्री साडेबाराच्या सुमारास मोटारसायकलवरून येळ्ळूरला परततो. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइनची गोळी सुरू झाल्यापासून समोरच्या गाडीचे दिवे पडले की नंतर बराच वेळ रस्ता दिसत नाही असे तो म्हणतो. त्याच्या आईने रातांधळेपणा समजून त्याला कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या आणून दिल्या आहेत. त्या द्याव्यात का?

उत्तर : प्रथम एक कळकळीची विनंती. त्याचे डोळे तपासून होईपर्यंत त्याला रात्री गाडी चालवू देऊ नका. पाळी बदलून घेता आली तर उत्तम. नाहीतर सोबतच्या कामगाराच्या मागे बसून यावे. हा त्रास एखाद्या रात्री अचानकही सुरू होऊ शकतो.

कॉड लिव्हर ऑइलच्या गोळ्या देऊ नका. आईंचा तर्क एरवी बरोबर ठरला असता, कारण अ जीवनसत्त्वाच्या अभावी रातांधळेपणा येतो हे खरेच आहे. येथे मात्र गोष्ट उलटी आहे. आयसोट्रेटिनॉइन हे स्वतःच अ जीवनसत्त्वाच्या कुळातले रसायन आहे. अंधुक उजेडात पाहण्यासाठी दृष्टिपटलावरील दंडपेशींत ऱ्होडॉप्सिन नावाचे द्रव्य असते. प्रखर उजेड पडला की ते विघटित होते आणि अ जीवनसत्त्वाच्या एका रूपापासून पुन्हा तयार होते. ही पुनर्निर्मिती ज्या विकरांमुळे (एन्झाइममुळे) होते, त्यांपैकी एकाच्या कामात हे औषध अडथळा आणते. म्हणजे घरात धान्य भरपूर आहे, पण जाते अडकले आहे. अशा वेळी आणखी धान्य आणून उपयोग नसतो. उलट अ जीवनसत्त्व वरून दिल्यास दोघांचा भार एकत्र होऊन डोकेदुखी, यकृतावर ताण, त्वचा सोलणे असे विषारी परिणाम होऊ शकतात. रोजच्या जेवणातील गाजर, शेवगा, पालेभाज्या यांची मात्र अजिबात भीती बाळगू नका. बंदी आहे ती गोळ्या, तेले आणि अ जीवनसत्त्व असलेल्या टॉनिकांवर.

त्याची नंबरची तपासणीही करून घ्या. लघुदृष्टीचा नंबर वाढला असेल किंवा अश्रूंचा थर फाटत असेल तरी दिव्यांभोवती झळाळी दिसते, आणि या दोन्हींवर सोपे उपाय आहेत. अंधारातली नजरच मंदावली आहे असे आढळले, तर त्वचारोगतज्ज्ञ बहुधा हे औषध थांबवतील. बहुतेकांना त्यानंतर पूर्ववत दिसू लागते, परंतु काही जणांत हा दोष औषध थांबल्यावरही राहिल्याची नोंद आहे. म्हणून ही तक्रार सौम्य मानू नये.

प्रश्न : मी चिक्कोडी तालुक्यातील आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडून मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन चालू आहे. मध्यंतरी पाठीवर पू धरलेले फोड आले म्हणून गावाजवळच्या दवाखान्यात गेले, तिथे डॉक्सिसायक्लिन दिले. दोन्ही गोळ्या तीन आठवडे घेते आहे. सकाळी डोके फार दुखते, दोनदा उलटी झाली, आणि वाकले की डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. अशक्तपणा असेल का?

उत्तर : या पत्राला अंक निघण्याची वाट न पाहता लगेच कळवले होते, आणि त्या भगिनी रुग्णालयात गेल्या. इतरांच्या माहितीसाठी येथे लिहीत आहे.

आयसोट्रेटिनॉइन आणि टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविके (जंतूंवरील औषधे), म्हणजे डॉक्सिसायक्लिन, मिनोसायक्लिन इत्यादी, एकत्र घेऊ नयेत. या दोहोंपैकी प्रत्येक औषध एकेकटेही क्वचित कवटीच्या आतील द्रवाचा दाब वाढवते, आणि एकत्र घेतल्यास तो धोका वाढतो. सकाळी वाढणारी डोकेदुखी, मळमळ व उलट्या, वाकल्यावर काही क्षण अंधारी, एकाच्या दोन वस्तू दिसणे आणि कानांत नाडीसारखा आवाज ही त्याची लक्षणे आहेत. दाब वाढला की डोळ्याची मुख्य नस जिथे दृष्टिपटलाला मिळते ती जागा सुजते, आणि ही सूज बाहुली मोठी करून आत पाहिल्यावरच दिसते. सूज टिकून राहिली तर नजर कायमची जाऊ शकते. म्हणून अशी लक्षणे दिसताच दोन्ही गोळ्या थांबवून त्याच दिवशी डोळ्यांची तपासणी करणारे रुग्णालय गाठावे. आयसोट्रेटिनॉइन एकदम थांबवल्याने शरीराला अपाय होत नाही.

आपल्या सीमाभागात एक अडचण नेहमीची आहे. एक डॉक्टर कोल्हापूरला किंवा मिरजेला, दुसरे बेळगावला, तिसरे तालुक्याच्या गावी. कुणाशी मराठीत बोलायचे, कुणाशी कन्नडमध्ये. आणि एकाने काय लिहिले ते दुसऱ्याला ठाऊक नसते. यात रुग्णाचा दोष मी मानत नाही, पण उपाय रुग्णाच्याच हातात आहे. चालू असलेल्या प्रत्येक औषधाची मूळ पट्टी, म्हणजे स्ट्रिप, एका पिशवीत ठेवा आणि कोणत्याही डॉक्टरांपुढे पहिल्यांदा ती पिशवी मांडा. ‘चेहऱ्याची गोळी’ असे तोंडी सांगितल्याने काहीच कळत नाही. पट्टीवरचे मूळ नाव मात्र भाषा कोणतीही असली तरी बदलत नाही.

प्रश्न : बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्याने आमच्या गावातील मुले भरतीची तयारी करतात. मीही रोज सकाळी व दुपारी धावतो. मुरुमांसाठी फक्त डॉक्सिसायक्लिन चालू आहे. उन्हात तोंड भाजल्यासारखे लाल होते आणि नखे दुखतात. गोळी गिळल्यावर कधी कधी छातीत जळजळते.

उत्तर : डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्याची त्वचा उन्हाला, विशेषतः त्यातील अतिनील किरणांना, जास्त संवेदनशील होते, आणि क्वचित उन्हामुळे नखे मुळापासून सुटू लागतात, नखे दुखणे ही त्याची सुरुवात असू शकते. दुपारचे धावणे बंद करून ते पहाटे किंवा सूर्य मावळताना ठेवा, टोपी व पूर्ण बाह्यांचा शर्ट वापरा, आणि ३० किंवा अधिक एसपीएफचे सनस्क्रीन लावा; घाम आल्यावर ते पुन्हा लावावे लागते. गोळी पेलाभर पाण्याबरोबर, बसून घ्या आणि त्यानंतर किमान अर्धा तास आडवे होऊ नका, कारण ती अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम करते. लोहाच्या गोळ्या किंवा आम्लपित्ताची औषधे त्याच वेळी घेऊ नका. पुढे डॉक्टरांनी गोळी बदलून आयसोट्रेटिनॉइन दिले, तर धावण्याचा सराव चालू असल्याचे त्यांना आवर्जून सांगा. त्या औषधाने स्नायू व सांधे दुखतात आणि कठोर व्यायाम करणाऱ्यांत ते अधिक जाणवते.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरले आहे. मुरुमांची आयसोट्रेटिनॉइन गेल्या महिन्यात संपली. आता लग्नाआधी लेसरने चष्म्याचा नंबर काढून घ्यावा असे तिला वाटते. शिवाय पार्लरमध्ये वॅक्सिंगही करायचे आहे.

उत्तर : दोन्हींची घाई करू नका. कोरड्या डोळ्यावर नंबर काढण्याची लेसर शस्त्रक्रिया केली तर कोरडेपणा वाढतो आणि जखम नीट भरत नाही. म्हणून बहुतेक शल्यचिकित्सक हे औषध बंद झाल्यावर सुमारे सहा महिने थांबतात आणि त्यानंतर अश्रूंची तपासणी करूनच निर्णय घेतात. शस्त्रक्रियेच्या आधी विचारले नाही तरी हे औषध घेतले होते असे तिने आपण होऊन सांगावे. वॅक्सिंगही सहा महिने टाळावे, कारण या औषधाने पातळ व नाजूक झालेली त्वचा मेणाबरोबर सोलून निघते आणि डाग राहतात. ती चष्म्यासह लग्नाला उभी राहिली तर त्यात काही उणे नाही, असे माझे प्रामाणिक मत आहे.

तुम्ही विचारलेले नाही, तरी एक गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. हे औषध पोटात असताना गर्भ राहिला तर बाळाच्या मेंदूत, हृदयात, चेहऱ्यात आणि कानांत गंभीर व्यंगे निर्माण होतात. औषध सुरू करण्यापूर्वी एक महिना, चालू असताना आणि शेवटच्या गोळीनंतर एक महिना गर्भ राहू नये, असा नियम आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत ही मुदत लग्नापूर्वीच संपते, त्यामुळे चिंतेचे कारण नाही. पण लग्न झालेल्या किंवा लवकरच होणाऱ्या ज्या वाचक भगिनींची गोळी अजून चालू आहे, त्यांनी संकोच न करता डॉक्टरांशी गर्भनिरोधाविषयी बोलावे. गोळी चालू असताना आणि ती संपल्यावर एक महिना रक्तदानही करू नये.

प्रश्न : मुरुमांचे बेन्झॉइल पेरॉक्साइडचे जेल लावताना डोळ्यात गेले. फार झोंबले. काय करावे?

उत्तर : स्वच्छ पाण्याने डोळा दहा-पंधरा मिनिटे सलग धुवावा, चोळू नये. त्यानंतरही दुखत असेल किंवा धूसर दिसत असेल तर तपासून घ्यावे. पुढे लावताना डोळ्यांभोवती, नाकपुडीच्या व ओठांच्या कोपऱ्यांत बोटभर जागा सोडावी आणि जेल वाळल्याशिवाय उशीवर डोके टेकवू नये. याने उशीच्या अभ्र्याचा रंगही उडतो.

प्रश्न : मी निपाणीत तंबाखूच्या वखारीत कामाला जाते. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. शेजारणीच्या सांगण्यावरून ती मुरुमांना एक ट्यूब लावते. तिच्यावर मोमेटासोन, हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन अशी नावे आहेत. पहिल्या महिन्यात चेहरा गोरा आणि गुळगुळीत झाला. आता वर्ष झाले. लावले नाही की तोंड लाल होऊन आग होते, बारीक शिरा दिसतात, मुरूम दुप्पट आले आहेत. डोळ्यांखाली काळे आहे म्हणून ती पापण्यांनाही लावते. हल्ली संध्याकाळी डोके जड होते म्हणते.

उत्तर : ताई, तुम्ही ट्यूबवरची नावे पाहून लिहिलीत, हे फार बरे केलेत. तिच्यात मोमेटासोन हे स्टेरॉइड, त्वचेचा रंग फिका करणारे हायड्रोक्विनोन आणि अ जीवनसत्त्वाच्या कुळातले ट्रेटिनॉइन असे तीन घटक आहेत. हे मिश्रण वांगासारख्या डागांसाठी, थोड्या आठवड्यांपुरते आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली वापरायचे असते. मुरुमांसाठी ते नाहीच. स्टेरॉइडने सूज दबते म्हणून सुरुवातीला चेहरा सुंदर दिसतो. नंतर त्वचा पातळ होते, शिरा उमटतात, लव वाढते, आणि स्टेरॉइडमुळेच नव्या प्रकारचे मुरूम येतात. थांबवले की आग होते, म्हणून मुलगी पुन्हा लावते. हा तिचा हट्ट नाही, त्वचेला लागलेली सवय आहे, म्हणून तिच्यावर रागावू नका. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड मलमांचा समावेश शेड्यूल एचमध्ये केला, म्हणजे ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती शेजारपाजारच्या सल्ल्याने घरोघरी पोहोचतात, याचे मला फार वाईट वाटते.

मला अधिक काळजी तिच्या पापण्यांची आहे. पापणीची कातडी शरीरात सर्वांत पातळ असते. तिच्यावर वर्षभर लावलेले स्टेरॉइड आत झिरपून काही जणांत डोळ्यांतील दाब वाढवते आणि त्यातून काचबिंदू होऊ शकतो. भिंगावर मोतीबिंदूही धरू शकतो. काचबिंदूत बहुधा दुखत नाही आणि कडेची नजर आधी जाते, त्यामुळे मुलीला स्वतःला ते कळणार नाही. म्हणून या आठवड्यातच डोळ्यांतील दाब मोजून घ्या. तपासणी काही मिनिटांची असते. पापण्यांना लावणे आजपासून पूर्ण थांबवा. बाकी चेहऱ्यावरचे मात्र एकदम थांबवू नका, त्वचारोगतज्ज्ञांकडे ट्यूब घेऊन जा. ते टप्प्याटप्प्याने कमी करतील आणि मधल्या काळातील आगीसाठी स्टेरॉइड नसलेले औषध देतील. तोपर्यंत साधे मॉइश्चरायझर, उन्हात छत्री, आणि वखारीतून आल्यावर तुम्ही हात धुतल्याशिवाय तिच्या चेहऱ्याला हात लावू नका, कारण तंबाखूची धूळ त्या पातळ त्वचेला झोंबेल. दाब वाढलेला आढळला तर डॉक्टर थेंब देतील. आढळला नाही तरी महिनाभराने तो पुन्हा एकदा मोजून घ्या.